मूळ धरेना दात

मालन खराडेचा दात दुसऱ्यांदा सुटून आला, तो भाकरी चावताना नाही की हाडूक फोडताना नाही. 'दस्ती' म्हणताना आला. आरशासमोर उभी राहून ती एकटीच कुस्ती पुकारत होती. पाहुण्या पैलवानानं दस्ती ओढली, असं म्हणायला जीभ दाताच्या मागं टेकली मात्र, दात सुटून बेसिनमध्ये पडला आणि गोल फिरून जाळीवर जाऊन थांबला.

"मुडदा बशिवला तुझा!" मालन त्याला म्हणाली. पण मुडद्यातला 'द'सुद्धा वाऱ्यावर गेला, आणि मग मात्र तिला रडूच कोसळलं.

मालनताई कोण हे खानापूर तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. कुस्त्यांच्या मैदानात माईक धरणारी ती आमच्याकडची पहिली बाई. वस्तादाची लेक. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मैदान फिदीफिदी हसलं होतं. पण तिनं पहिलीच कुस्ती अशी पुकारली, की मागं पाठ करून चहा पिणाऱ्यांनीसुद्धा कप खाली ठेवले. कुणी पट काढला, कुणी घिस्सा मारला, कोण नुसताच अंगाशी झटतोय, सगळं तिच्या तोंडून ऐकावं. डोळे मिटून कुस्ती बघता येते ती फक्त मालनताईच्या मैदानात, असं म्हातारे पैलवान म्हणायचे.

मागच्या चैत्रात नांगरवाडीच्या जत्रेत एका पैलवानानं दुसऱ्याला असा उचलून फेकला, की तो थेट निवेदकाच्या टेबलावर आदळला. टेबल मोडलं, माईक मालनच्या तोंडावर बसला आणि वरचा पटाशीचा दात गेला. तोंडात रक्त होतं तरी बाईनं निकाल पुकारूनच माईक खाली ठेवला.

दात गेला म्हणजे काय गेलं, हे तिला दुसऱ्या मैदानात कळलं. दस्ती नाही, सालतू नाही, धोबीपछाड नाही. सगळ्या डावांतून फुस्स करून हवा जाते. काढघालीची कवळी करून बघितली, तर ती एका मैदानात बोलता बोलता उडाली आणि हलगीवाल्याच्या मांडीवर जाऊन पडली. मैदान हसलं. मालन हसली नाही. आजूबाजूच्या दातांना धरून पूल बांधावा, तर तेही हलायला लागलेले.

मग जत्रा कमिटीचे सर्जेराव आप्पा घरी आले. चहा घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आपल्याकडं ढीगभर आहे. मशिनला शिकवलं की झालं. वरून ड्रोननं कुस्ती बघायची आणि तुमच्या आवाजात बोलायचं. तुम्ही नुसतं व्यासपीठावर बसा, फेटा बांधू."

"म्हंजे आवाज माझाच, आन् मी गप?"

"तसं नव्हं, ताई..."

"तसंच हाय की! येत्या चैत्रापातूर थांबा आप्पा. दात बसवून हुबी ऱ्हाती का न्हाई बघा."

आप्पांनी चैत्रापर्यंतची मुदत दिली. दात बसला तर मालन, नाही बसला तर मशिन.

आता या दाताचं जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. आपल्या आईवडिलांच्या वेळेला जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचे. हाडाच्या पेशी हळूहळू त्या स्क्रूला येऊन बिलगायच्या आणि काही महिन्यांनी त्यावर दात चढवायचा. पक्कं काम, पण हाड पुरेसं हवं, हिरडी निरोगी हवी, साखर ताब्यात हवी, तोंडात तंबाखू-सिगारेट नको. शिवाय तो दात मुका. भातातला खडा त्याला कळायचा नाही.

नवं आलं ते 'वाढतं मूळ'. माणसाच्याच हिरडीतून चिमूटभर पेशी घ्यायच्या, त्या चिनीमातीसारख्या एका बारीक मळसूत्रावर वाढवायच्या आणि ते मळसूत्र जबड्यात बसवायचं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती असतो तसा धाग्यांचा पडदा त्याच्याभोवती तयार होतो, म्हणून या दाताला खडा कळतो, गार-गरम कळतं. दात त्याच दिवशी चढवतात. आणि मुळाच्या पोटात मोहरीहून बारीक एक कण असतो. भोवतालचं रक्त कसं वाहतंय हे तो सारखा मोजतो आणि मुळानं हाड किती धरलं ते घडोघडी मोबाईलवर कळवतो. त्याला 'पकड' म्हणतात.

एकच वाईट. मूळ फसलं, की जाताना थोडं हाड घेऊन जातं. दोनदा फसलं तर कसंबसं निभतं. तिसऱ्यांदा फसलं तर खुंटी ठोकायला भिंतच उरत नाही.

दवाखाना विट्याला होता, म्हणजे खुर्ची विट्याला होती. डॉक्टर निलोफर मुजावर सांगलीत बसून पाच तालुक्यांतल्या अशा खुर्च्या चालवायच्या. पडद्यावर बाईंचा हसरा चेहरा, आणि इकडं यंत्राचे हात. आधी फवारा तोंड धुऊन चकाचक करायचा, मग आतली करड्या रंगाची चित्रं बाईंकडं जायची. खोलीत दुसरं माणूस नाही.

आणि प्रश्न विचारायला होता 'खात्री' कॅमेरा. पेशंट डॉक्टरशी खोटं बोलतात हा जुना रोग. पिणारा म्हणतो पीत नाही, ओढणारा म्हणतो सोडली. म्हणून कंपनीनं हा कॅमेरा बसवला. बोलताना डोळ्याची बाहुली कशी हलते, आवाज कुठं थरथरतो, यावरून तो खरं-खोटं ठरवायचा.

"आपण धूम्रपान करता का?"

"छ्या!"

"तंबाखूचे कोणत्याही प्रकारे सेवन करता का?"

"वस्तादाची लेक हाय मी. आमच्या घरात तंबाखूचा बटवा कवा आला न्हाई."

हिरवा दिवा लागला. उत्तर खरे. साखर, दारू, झोप, सगळ्याला हिरवा दिवा. मालनला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

"मावशी, आता सगळं तुमच्या हातात," पडद्यावरून डॉक्टर म्हणाल्या. "स्वच्छता ठेवायची. काहीही खाल्लं की दात घासायचे. सुरुवातीला ब्रश नको, टोचेल. बोटानं, हलक्या हातानं."

"त्ये सांगाय नगं. माझं बोटच हाय."

घरी आली आणि जेवली की लगेच परसदारच्या पायरीवर बसली. तिथं तिची धाकटी जाऊ हिरा आधीच बसलेली. दोघींच्या नवऱ्यांनी घर वाटून घेतलं, मधे भिंत घातली, बोलणं टाकलं. ते दोघंही आता वर गेले, भिंत राहिली. पण परसदारची पायरी वाटून घ्यायची कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या पायरीवर या दोघी सकाळ-दुपार मशेरी लावायला बसायच्या. डबी हिराची. तीच पानं आणायची, मागं तव्यावर काळीभोर होईतो भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची. भाजताना सगळी आळी शिंकायची. मग दोघी बोटानं मशेरी लावत, ओठ मिटून, तोंड वर करून, थुंकेपर्यंत बोलत बसायच्या. सुना, गुडघे, देव, सगळं त्यात व्हायचं.

"आज दुपारचीच बसलीस, अक्का?" हिरा म्हणाली.

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. खाल्लं की घास. आता दिवसाला चार बार लावाय यायचं."

"बरं झालं बाई. मला वाटलं आता तू त्ये पांढरं पुदिन्याचं लावशील आन् मला इथं एकटीला बसवशील."

तुम्हाला कळलं, मलाही कळतंय. मालनला नाही कळलं. आणि तिला हसायच्या आधी आपापल्या घरातल्या बायांना विचारून या. तंबाखू म्हणजे गडी तळहातावर मळून दाढेत धरतात ती. मशेरी म्हणजे दात घासायचं औषध. लग्न होऊन आली तेव्हा दाढ ठणकायची म्हणून सासूनंच तिच्या बोटावर मशेरी ठेवली होती. सून म्हणून मिळालेली ती पहिली माया. तिला कोण तंबाखू म्हणेल?

पहिलं मूळ ऐन गणपतीत निखळलं. दुसरं बसवलं, आणि मालनची मुलगी प्राजक्ता पेटून उठली. ती बंगळूरला असते, पुलांची गणितं करते. पकडीचा आकडा तिच्याही मोबाईलवर जायचा. रोज फोन.

"आई, आज परत खाली आलीय. काय खाल्लंस?"

"भाकरी खाल्ली, काय विष खाऊ?"

"तिखट बंद कर."

तिखट बंद झालं. मग गोड बंद झालं. जिलेबी, जी मालनचा जीव की प्राण, बंद. मग प्राजक्ता म्हणाली ओरडू नकोस, जबड्याला हादरा बसत असेल. निवेदनाचा सराव बंद. मग बोअरचं पाणी बंद. मग कुशीवर झोपायचं बंद. मालन चिडायची, आदळआपट करायची, पण ऐकायची. आणि घास घास घासायची, कारण तेवढं एक तरी आपण नेमानं करतोय अशी तिची समजूत.

डॉक्टर मुजावरही वैतागल्या होत्या. "मावशी, रोज सकाळी तुमच्या मुळाभोवतीचं रक्त आटल्यासारखं होतं. जेवणानंतर परत. उठल्यावर नक्की काय करता?"

"काय करणार? चूळ भरती, दात घासती, च्या पिती."

"चहा फार गरम पिता का?"

चहाही कोमट झाला. दिवाळीला प्राजक्ता घरी आली, दारातच आईच्या गळ्यात पडली आणि लहानपणीसारखं तिच्या खांद्यात नाक खुपसून उभी राहिली. "हा वास बंगळूरला कुठंच मिळत नाही," म्हणाली. करपल्यासारखा, उग्र, ऊबदार वास. कुठं ठेचकाळलं, ताप आला, नापास झाली, की याच वासात जाऊन लपायचं. तिला तो आईच्या अंगाचा वाटायचा. इतकी शिकलेली पोरगी, तिच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

आणि मग तो दुसरा दात 'दस्ती' म्हणताना पडला.

कंपनीकडून निरोप आला, मशिनच्या गोड आवाजात. आपली सर्व उत्तरे खरी असल्याची खात्री आहे. त्यामुळे दोष आपल्या हाडाच्या प्रतीत आहे. तिसरा प्रयत्न करता येणार नाही.

"हाडाची प्रत?" मालन मोबाईलवर ओरडली. "माझ्या हाडाची? वस्तादाच्या लेकीच्या? आं?" पलीकडं कुणी नव्हतंच ऐकायला.

तिनं दात रुमालाच्या टोकात बांधला, कमरेला खोचला आणि बिनड्रायव्हरच्या एसटीत बसून सांगली गाठली. डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर. बाई डोळ्यांवर यंत्र लावून हवेत हात हलवत होत्या, कुठल्या तरी गावातल्या कुणाच्या तरी तोंडात. ते काम संपेपर्यंत मालन दारात उभी राहिली. मग आत शिरली आणि रुमालाची गाठ सोडून दात टेबलावर ठेवला.

"धरा तुमचा दात. आन् माझं हाड खराब हाय म्हणून लिवलंय कुणी, त्येला बोलवा."

"अगं बाई, मालनमावशी! तुम्ही इथं?" निलोफर उठल्याच. पडद्यावर वाटायच्या त्याहून बुटक्या आणि थकलेल्या. "बसा. मी लिहिलं नाही ते. तुम्हाला काय सांगू, माझाच जीव टांगणीला लागलाय. पाच तालुक्यांत माझीच मुळं पडतायत, आणि तीही बायकांची. तिखट नाही, साखर नाही, तंबाखू नाही, सगळ्या खरं बोलणाऱ्या. आता वरचे म्हणतात की डॉक्टरच्या हाताला गुण नाही. आ करा बघू."

त्यांनी टॉर्च घेतला आणि वाकल्या. अशा, स्वतःच्या डोळ्यांनी, खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्या कधी वाकल्या होत्या कोण जाणे. वाकल्या आणि तशाच थांबल्या. परत एकदा श्वास घेतला.

"मावशी. मशेरी लावता?"

"लावती की. येताना लावूनच निघाली. तुमीच म्हणला, घासत जावा."

निलोफर मटकन स्टुलावर बसल्या. कपाळावर हात मारून घेतला. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं? दात काढायला काय झालं तुमाला?"

"अहो मावशी, मशेरी म्हणजे तंबाखूच ना! भाजलेली तंबाखू!"

"तंबाखू खात्यात, बाई. मशेरी लावत्यात."

"पण पान कसलं भाजतात?"

हिराच्या तव्यावरची पानं मालनच्या डोळ्यांसमोर आली. पिशवी आली, पिशवीवरची अक्षरं आली. हजारदा बघितलेली.

निलोफर आता हसत नव्हत्या. त्यांनी सावकाश समजावलं. मशेरीतलं निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. नव्या मुळाला रक्त म्हणजे लहान बाळाला दूध. दिवसातून चार वेळा त्याच्या तोंडचं दूध तोडलं, तर ते कसं धरणार? रोज सकाळी आलेख खाली जायचा तो यामुळंच.

"म्हंजे मी खोटं बोलली?" मालनचा आवाज चिरकला. "जल्मात कवा बोलली न्हाई."

"नाही हो. तुम्ही खरंच बोललात. ते मशिन एवढंच बघतं, की बोलणाऱ्याला आपलं बोलणं खरं वाटतंय का. प्रत्यक्षात खरं काय, ते त्याला कुठून कळणार? चुकलं माझं. दोन वर्षं तोच प्रश्न विचारतेय आणि तोंडात कधी नाक घातलं नाही. माझी सासू रोज लावते, मावशी! माझ्या घरात!"

"मग आधी इचारायचं हुतं की!" मालन एकदम उसळली. "दोनदा हाड पोखारलं माझं. जिलेबी बंद केली. च्या गार प्याली. आन् ह्ये एवढंसं इचारलं न्हाई कुणी!" टेबलावरचा दात तिनं उचलला आणि कुठं फेकावा ते न कळून परत रुमालात बांधला.

निलोफरनी कंपनीशी भांडून तिसरं आणि शेवटचं मूळ मंजूर करून घेतलं. अट एकच. आधी मशेरी सुटली पाहिजे, आणि ती पुन्हा सुरू होता कामा नये.

सुटायला ती काय पदराची गाठ होती? पहिले काही दिवस मालनचं डोकं फुटायला आलं. सकाळी पोट साफ होईना. हात आपोआप डबी शोधायचा. भांडी आदळली, शेजारणीशी भांडली, देवाला बोल लावले. सगळ्यात वाईट ती पायरी. हिरा तिथं डबी उघडायची, तो वास आला की मालनच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तिला उठून आत यावं लागायचं.

"बस की गं. लावू नगं, नुसती बस," हिरा म्हणाली.

"बसवत न्हाई, हिरे. तू बी सोड."

"मला कुठं मैदानात बोलायचंय?" हिरा फणकारली. "एका दातासाठी मला टाकलीस, अक्का. भाऊबंदकीत न्हाई तुटलं त्ये दातानं तोडलं." तिनं डबीचं झाकण लावलं आणि आपल्या दारानं आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या बाजूच्या ओट्यावर बसायला लागली. पायरी ओस पडली.

तिसरं मूळ बसलं आणि पकड चढायला लागली. प्राजक्ताच्या जिवात जीव आला. पण संक्रांतीला हिराकडं तिळगूळ द्यायला मालन गेली, डबी समोर होती, हिरा पाणी आणायला आत गेली होती, आणि बोट जे गेलं ते गेलंच. एवढीशी. मालन घरी पोचायच्या आत बंगळूरहून फोन.

"आई, लावलीस."

"व्हय. लावली. चुकली."

प्राजक्ता त्या दिवशी जे बोलली ते आईला बोलण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून तिचं बघणंच बदललं. आकडा जरा हलला, की फोन. "आई?" एवढंच म्हणायची. मालन म्हणायची, "ठसका लागला गं." "जिन्यावरनं पळत आली." दात तोंडात आणि पोलीस बंगळुरात, अशी गत झाली.

पण दात धरला. चैत्र आला तेव्हा मुळानं हाडात घट्ट पाय रोवले होते. निलोफरनी एवढंच बजावलं, मशेरीला पुन्हा कधी शिवायचं नाही, नाहीतर बसलेलंही उखडेल.

नांगरवाडीचं मैदान. हलगी कडाडली, वर थेट प्रक्षेपणाचे ड्रोन घोंघावले आणि मालननं माईक हातात घेतला. सर्जेराव आप्पांनी फेटा आणला होता, तो तिनं बांधून घेतला, पण बसली नाही. पहिल्या कुस्तीला जरा बिचकली. दुसरीला जीभ दाताला टेकली, दात हलला नाही, आणि सुटली बाई! शेवटची कुस्ती सुटेपर्यंत मैदानाचा श्वास तिच्या मुठीत होता. "पाहुण्यानं दस्ती ओढली... दस्ती सोडवली... सालतू! सालतू मारली! आरं काय पोरगं, का वारं!" एकेक अक्षर नाण्यासारखं वाजलं. मागं पाठ करून बसलेले म्हातारे रडत होते. निकाल झाला, फेटे उडाले, आणि मालनला वाटलं आता मेली तरी चालेल.

कमरेचा मोबाईल केव्हापासून थरथरत होता. तिनं हसतच कानाला लावला. "ऐकलंस का प्राजू? दस्ती ऐकलीस?"

"आई, लावलीस ना?"

"काय?"

"आत्ता. फडात. पकडीचा आलेख कोसळलाय. रक्त संक्रांतीच्या दिवशीपेक्षा खाली गेलंय. एवढं सगळं झाल्यावर, आई!"

"न्हाई लावली गं. शप्पत."

"आई, खोटं बोलू नकोस."

भोवती गुलाल उडत होता. हे वाक्य तिला जन्मात कुणी ऐकवलं नव्हतं.

"तुझ्या मशिनला इचार," ती म्हणाली. "त्या खात्रीला. मी खरं बोलती का न्हाई."

"मशिन त्या वेळीही खरंच म्हणालं होतं, आई."

खरं बोलायला दात बसला होता, आणि खरं मानायला कुणी राहिलं नव्हतं. मालनचा राग डोक्यात गेला.

"मग ये! गाडीत बस आन् ये. आन् माझ्या तोंडाचा वास घे. दुसरा कसला पुरावा न्हाई माझ्याजवळ."

प्राजक्ता सकाळी पोचली. प्रवासानं डोळे सुजलेले, हातात मोबाईल. मालन परसदारच्या पायरीवर एकटीच बसली होती. प्राजक्ता गळ्यात पडली नाही. समोर उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "डॉक्टर मुजावरांना विचारलं मी रस्त्यात. त्या म्हणाल्या, तंबाखूनं होतं तसं दुसऱ्या कारणानंही होऊ शकतं. माणूस पेटून उठला, भ्यायला, चिडला, की रक्त हातापायांकडं धावतं आणि इकडचं आटतं. दाताला यातला फरक कळत नाही."

"मला कळतो. बस हितं."

मालननं तिच्यासमोर तोंड उघडलं. पोरगी लहान असताना दूध प्यायली का बघायला आपण तिचं तोंड हुंगायचो, ते तिला आठवलं. प्राजक्ता वाकली. श्वास घेतला. मग आणखी जवळ आली आणि परत घेतला. पुदिना, थोडा चहा. मग तिनं सवयीनं आईच्या खांद्यात नाक खुपसलं. मान, पदर, केस, सगळं हुंगलं. कुठंच काही नव्हतं.

"पटलं?" मालन म्हणाली.

प्राजक्तानं मान डोलावली, पण ती वर बघेना. तिचे खांदे हलत होते. "आई, तुझा वास कुठं गेला गं?"

"आं?"

"तुझा वास. गेलाय सगळा."

"अगं सटवे!" मालनला हसावं की रडावं कळेना. "एवढं म्हैनं माझ्या मागं लागलीस ती ह्यो वास घालवायलाच न्हवं? मग आता काय परत लावू?"

"नको," प्राजक्ता हुंदका गिळत म्हणाली. "लावू नकोस."

तेवढ्यात भिंतीपलीकडं तवा चुलीवर पडल्याचा आवाज झाला. हिरा पानं भाजायला बसली होती. करपट, उग्र धूर भिंत ओलांडून इकडं आला. प्राजक्ताची मान आपोआप तिकडं वळली, डोळे मिटले आणि तिनं तो वास छाती भरून आत घेतला. मांडीला मांडी लावून आई बसलेली, आणि पोरगी नाक वर करून काकूच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. मालननं ते बघितलं. मग आपलाच पदर नाकाशी नेऊन हुंगला.

प्राजक्ताच्या हातातला मोबाईल टणटणला. पडद्यावर पकडीची रेघ सरसर खाली येत होती. तिनं रेघेकडं बघितलं, मग आईच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग मोबाईल बंद करून पिशवीत टाकला आणि पुन्हा आईच्या बिनवासाच्या खांद्यावर डोकं टेकवून बसली.